वाटीचे शब्द

माझ्या नोकरीतले सोमवार ते शनिवार लोकांना ‘हळू बोला’ म्हणून दटावण्यात गेले आणि रविवार ‘अहो, जरा मोठ्यानं बोला’ म्हणून विनवण्यात. जळगावच्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी ग्रंथपाल होते. खाली पुस्तकं आणि वर्तमानपत्रं, वर एक हॉल. त्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी नऊ ते अकरा ‘सभाधीट मंडळ’ भरायचं. चार माणसांसमोर उभं राहिलं की ज्यांच्या घशाला कोरड पडते, अशांनी एकमेकांसमोर उभं राहून ती कोरड घालवायची, एवढाच मंडळाचा उद्देश. मंडळ सांभाळायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण हॉलची किल्ली माझ्याकडे असायची. पुढे बारा-पंधरा वर्षं ते गळ्यातच राहिलं आणि मला त्याचा फार लळा लागला, हेही कबूल करते.

लोकांना वाटतं, भाषण शिकवणं अवघड. छे हो! भाषण माणूस आपोआप शिकतो. अवघड असतं ते त्याला पुढच्या रविवारी परत आणणं. पहिल्या दिवशी सगळे उत्साहात येतात. दुसऱ्या रविवारी मामेभावाचं लग्न निघतं, तिसऱ्या रविवारी पोट दुखतं, आणि चौथ्या रविवारी तो माणूस मला बाजारात बघून कोथिंबिरीच्या जुडीत तोंड खुपसतो. यावर मी एक उपाय शोधला होता. हॉलमधून कोणालाही रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही. ‘पुढच्या रविवारी या हं’ असं कधी म्हणायचं नाही, कारण त्याला ‘हो हो’ म्हणून माणूस सुटतो. ‘पुढच्या रविवारी सतरंजी तुमच्याकडे’, ‘पाहुण्यांची ओळख तुम्ही करून द्यायची’, ‘फळ्यावर सुविचार तुमचा’ असं काम द्यायचं. काम अंगावर असलं की माणूस येतो. ज्याला कुणाला वाटतं आपण नसलो तरी चालेल, तो येतच नाही.

आमचे एक गुरुजी होते, निवृत्त शिक्षक. त्यांना बोलायची भीती नव्हती, आम्हाला त्यांच्या बोलण्याची होती. पाच मिनिटं दिली तर ते पंचवीस मिनिटं घ्यायचे आणि तोपर्यंत लहानपणापाशीच असायचे. त्यांच्यामुळे दोन सभासद गळाले. मग मी त्यांच्या हातात शाळेची पितळी घंटा दिली आणि म्हटलं, ‘गुरुजी, आजपासून वेळ तुमच्या ताब्यात.’ दुसऱ्याची पाच मिनिटं मोजण्यात त्यांना असा काही आनंद सापडला की स्वतः बोलायचं ते विसरूनच गेले. घंटा मात्र निर्दयपणे वाजवायचे. एकदा तर एकाचं ‘धन्यवाद’ त्यांनी ‘धन्य’वर तोडलं.

दुसरे प्रल्हादभाऊ, फैजपूरकडचे केळीचे व्यापारी. माणूस बांधावरून हाक मारायचा तर अर्ध्या मैलावरचा ट्रक थांबायचा, पण टेबलाजवळ उभे राहिले की आवाज खनपटीला बसून काढावा लागे. आम्ही त्यांना ‘माणुसकी’ हा विषय दिला होता. बिचारे घामाघूम झाले. ‘माणुसकी ही... माणसात हाये...’ आणि तिथेच अडकले. मी म्हटलं, ‘भाऊ, माणुसकी राहू द्या. घड कापायला आला हे कसं ओळखायचं, ते सांगा बघू.’ अहो, काय खुलले! केळाच्या धारा, म्हणजे सालीवरच्या कडा, कशा बुजत जातात, बोटांनी कसं चाचपायचं, कोणता माल दिल्लीला आणि कोणता इथल्याच बाजाराला, सगळं हातवारे करून सांगितलं. गुरुजींना तीनदा घंटा वाजवावी लागली. त्या दिवसापासून विषय मोठा देणं मी बंद केलं. माणसाला जे माहीत असतं ते आधी बोलू द्यावं, माणुसकी पुढच्या महिन्यात घ्यावी.

आणि तिसरे सुदामभाऊ. ते एरंडोलजवळच्या एका खेड्यात पोस्टमन होते. मी गैरहजर सभासदांना पोस्टकार्ड लिहीत असे. ‘येत्या रविवारी आपले काम अमुक. वेळ पाच मिनिटे. न आल्यास आपण घाबरलात असे समजण्यात येईल.’ हा शेवटचा टोमणा माझा खास. सुदामभाऊंना लिहिलेलं कार्ड त्यांच्याच थैलीत जायचं. ‘बाई, काल मी मलाच पत्र दिलं,’ असं ते हसत सांगायचे. ‘माझ्या हातात देताना मीच म्हटलं, घ्या, लायब्ररीच्या बाईंनी बोलावलं!’ त्यांच्या वस्तीत दर वर्षी एप्रिलात विहारासमोर जयंतीचा कार्यक्रम व्हायचा. दर वर्षी बाहेरगावचा वक्ता यायचा आणि सुदामभाऊ त्याच्यासाठी माईक धरून उभे राहायचे. एका वर्षी तरी माईक धरून आपणच चार शब्द बोलावेत, एवढ्यासाठी ते दर रविवारी एस.टी.नं जळगावला येत होते.

आता माझ्या अकलेची गोष्ट सांगते.

वाचनालयात आलेल्या एका पुस्तकात मी वाचलं की भाषण करताना माणूस उगाच ‘अं... अं...’ करतो, ते कुणीतरी मोजावं. झालं! मी घरून एक स्टीलची वाटी आणि चमचा आणला. कोणी ‘अं’ केलं, ‘म्हणजे’ म्हटलं, ‘काय म्हणतात त्याला’ म्हटलं की चमचा वाटीवर, टिंग! फळ्यावर यादीच लिहिली, ‘वाटीचे शब्द’. पहिले दोन महिने अशी धमाल आली म्हणून सांगू! आमच्यातले एक वकील ‘म्हणजे’ म्हणायचे आणि टिंग झालं की जीभ चावायचे. हॉलमध्ये तीस-पस्तीस माणसं यायला लागली. मी स्वतःवर इतकी खूश झाले की यादी वाढवली. फळ्यावर खडूनं लिहिलं: ‘शे’, ‘बठ्ठा’, ‘हाये’. ‘आहे’ म्हणा, ‘सगळा’ म्हणा. सभेत बोलायचं तर शुद्ध बोलायला नको?

त्या रविवारी सुदामभाऊ उभे राहिले. ‘नमस्कार. मनं नाव सुदाम शे.’ टिंग. ‘मी टपालवाला शे.’ टिंग. ‘मनं गाव एरंडोलजवळ शे.’ टिंग. लोक हसले. सुदामभाऊही हसले आणि खाली बसले. त्यांच्यानंतर धरणगावकडच्या वत्सलाबाई आल्या. अंगणवाडीत शिकवायच्या, लेकरांसमोर तासभर गोष्ट सांगणारी बाई. एका मिनिटात सात वेळा वाटी वाजली. त्यासुद्धा पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मी समजले की सगळ्यांना मजा येते आहे.

पुढच्या रविवारी वीस आले, मग पंधरा, मग नऊ. मी पोस्टकार्डांवर पोस्टकार्डं लिहिली. वत्सलाबाईंना चार लिहिली. एकाचंही उत्तर नाही. फैजपूरकडे निरोप धाडला, तर उत्तर आलं की केळीचा हंगाम आहे. अहो, केळीचा हंगाम काय वर्षभर असतो? शेवटचं हत्यार म्हणून भरिताचा रविवार ठेवला. हिवाळा होता, हिरवी वांगी आणली, मागच्या अंगणात कपाशीच्या काड्यांवर भाजली, वर शेव आणि सोबत पुऱ्या. चाळीस माणसं जेवली! मी मनात म्हटलं, जमलं बाई. पुढच्या रविवारी हॉलमध्ये मी, गुरुजी, त्यांची घंटा आणि सहा जण.

वाचनालयाचे अध्यक्ष नाना, मोठे शिस्तीचे माणूस, ते एकदा वर येऊन खुर्च्या मोजून गेले. त्या काळात संगणकाचे क्लास गावात नवे नवे निघत होते आणि एक जण आमचा हॉल मागत होता. नाना म्हणाले, ‘बाई, तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही. पण सहा माणसांसाठी हॉल अडवून ठेवणं मला कार्यकारिणीत सांगता येणार नाही. तीन रविवार देतो. वीस खुर्च्या भरलेल्या दिसल्या पाहिजेत. नाही तर हॉल क्लासला.’

मला रडूच आलं. नोकरी जाणार नव्हती, पगार तोच राहणार होता. पण रविवारशिवाय माझ्या नोकरीत होतं काय? शिक्के, धूळ आणि ‘हळू बोला’.

पहिला रविवार गेला, अकरा माणसं. दुसरा गेला, दहा. त्याच दुपारी मी धुळ्याला आईकडे निघाले. गाडी एरंडोलच्या स्टँडवर थांबली आणि बघते तर खिडकीखाली सुदामभाऊ, हातात सायकल.

मी खिडकीतूनच सुरू केलं, ‘काय हो सुदामभाऊ, पत्रं मिळतात ना? की स्वतःचीच पत्रं हरवता?’

‘मिळतात बाई. रजा नव्हती.’

‘रविवारी टपाल असतं का?’

त्यांनी सायकल गाडीला टेकवली. मग म्हणाले, ‘बाई, राग नका धरू. पत्त्यात चूक असली तरी आम्ही माणूस शोधून पत्र देतो. खेड्यातला पत्ता कोणाचा शुद्ध असतो? पण पत्र पोचतं. तुम्ही मात्र पत्ता शुद्ध नाही म्हणून पत्रच परत पाठवता.’

माझा पारा चढला. ‘म्हणजे तुमच्या भल्यासाठी केलं ते वाईट? उद्या जयंतीला एवढ्या लोकांसमोर...’

‘जयंतीला आमचीच माणसं असतात ना बाई,’ ते शांतपणे म्हणाले. ‘आणि एक विचारू? इतकी वर्षं झाली, तुमचं भाषण काही ऐकलं नाही कधी.’

‘मी मंडळाची कार्यवाह आहे!’

‘हां,’ सुदामभाऊ म्हणाले, आणि कंडक्टरनं डबल बेल मारली.

त्या ‘हां’वर मला उत्तर द्यायचं होतं आणि गाडी सुटली होती. पारोळा गेलं, पुढची सगळी गावं गेली, मी मनातल्या मनात भांडतेच आहे. खरी गोष्ट अशी की ते बोलले त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी एकदाही त्या टेबलाजवळ उभी राहिले नव्हते. कामं वाटायची, कार्डं लिहायची, वाटी वाजवायची, आणि माझं नाव कुणी यादीत घालू नये म्हणून यादी स्वतः करायची. मंडळातली सगळ्यात भित्री सभासद मीच होते. फक्त किल्ली माझ्याकडे असल्यामुळे ते कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

घरी गेले ती पिशवी टाकून आईपुढे सुरूच झाले. नानांचं सांगितलं, सुदामभाऊंचं सांगितलं, हात नाचवत, येरझारा घालत. ‘मी काय मनासाठे करस का? त्यासना भल्यानासाठे करस ना!’ आई शेंगा फोडत बसली होती. ती ऐकून ऐकून हसायला लागली.

‘व्वा! आते कशी भाषन करी ऱ्हायनी!’ ती म्हणाली. ‘तठे बी अशीच बोलस का?’

मी मटकन खाली बसले. आमच्या घरी लहानपणापासून हेच बोलणं. शाळेत एकदा बाईंनी वर्गासमोर माझ्या ‘शे’ची नक्कल केली होती. त्या दिवसापासून मी शाळेत तोंड उघडताना प्रत्येक शब्द आधी मनात तपासून घ्यायची, आणि चार माणसांपुढे उभं राहायची वेळ आली की काहीतरी निमित्त काढून मागच्या बाकावर सरकायची. ज्या गोष्टीनं माझी जीभ बांधली, तीच गोष्ट मी स्टीलच्या वाटीतून दर रविवारी वाटत होते. मला त्या दिवशी स्वतःची इतकी लाज वाटली की आईनं पुढ्यात ठेवलेल्या शेंगासुद्धा गोड लागल्या नाहीत.

मंगळवारी कामावर आले. शुक्रवारी टपालात माझ्या नावाचं पोस्टकार्ड होतं. टपोरं अक्षर, शिक्का एरंडोलचा. ‘येत्या रविवारी आपले काम: भाषण. वेळ पाच मिनिटे. विषय: वाटी. न आल्यास आपण घाबरलात असे समजण्यात येईल. कळावे, सुदाम.’

मी ते कार्ड दिवसभरात दहा वेळा वाचलं असेल. तिसरा रविवार होता तो, शेवटचा. शनिवारी एकदा ताप आल्यासारखं वाटलं, पण थर्मामीटरनं काही साथ दिली नाही.

रविवारी सकाळी साडेआठला जिना चढले तर वरून आवाज. दार उघडं, कारण शिपायाकडची दुसरी किल्ली गुरुजींनी आधीच नेली होती. आत बघते तो हॉल भरलेला! खुर्च्या संपल्या म्हणून माणसं सतरंजीवर. प्रल्हादभाऊ फैजपूरहून चार जणांना घेऊन आले होते, टेबलाशेजारी केळीचा एक अख्खा घड ठेवला होता. सुदामभाऊंनी गुरुजींकडून जुनी हजेरी मागवून, तिच्यातून पत्ते काढून बठ्ठ्यांना कार्डं लिहिली होती. मजकूर एकच: ‘रविवारी बाईंचे भाषण आहे. वाटी माझ्या हातात असेल.’ आता सांगा, अशा कार्यक्रमाला कोण नाही येणार? माझी फजिती बघायला माणसं दोन-दोन गाड्या बदलून आली होती. वत्सलाबाई तेवढ्या कुठे दिसल्या नाहीत. मी दोनदा सगळ्या रांगा पाहिल्या.

पुढच्या रांगेत नाना. त्यांच्या शेजारी सुदामभाऊ, मांडीवर रुमालानं झाकलेली वाटी, हातात चमचा.

मी टेबलाजवळ उभी राहिले. टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून एका दमात रिकामा केला. ‘अध्यक्ष महाराज,’ म्हटलं, ‘म्हणजे... आज मी... म्हणजे...’ आणि संपलं. डोक्यात एक अक्षर नाही. पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती, आणि कुणीच हसत नव्हतं. त्यांना ते ठिकाण माहीत होतं ना! प्रत्येक जण कधी ना कधी तिथे उभा राहून असाच अडकला होता. मागून प्रल्हादभाऊ म्हणाले, ‘बाई, घडाचं सांगा, घडाचं!’ तेव्हा मात्र सगळे हसले, मीही हसले, आणि हसता हसता तोंडातून निघालं,

‘मनी माय धुयाले ऱ्हास. मी तिन्हासंगे जशी बोलस, तशी तुम्हनासंगे बोलत नही. हाई मनी चूक शे.’

‘शे’ म्हटलं आणि मीच डोळे मिटले. सवयच ती, टिंग ऐकायची. सुदामभाऊंनी चमचा उचलला आणि वाटीवर मारला.

थप्प.

डोळे उघडले. सुदामभाऊंनी रुमाल काढला. वाटी काठोकाठ शेवेनं भरलेली होती.

‘वाटी भरेल शे, बाई,’ ते म्हणाले. ‘बोला.’

हॉलमध्ये जो काही गलका झाला, तो खालच्या वाचनकक्षातल्या माणसांनी ‘हळू बोला’ न म्हणता सोसला, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. मग मी बोलले. आईचं सांगितलं, शाळेतल्या नकलेचं सांगितलं, मधेच धुळ्याचं, मधेच पुस्तकातलं, जसं तोंडात येईल तसं. किती बोलले कोण जाणे, कारण ऐन रंगात आलेली असताना गुरुजींनी घंटा वाजवली. पाच मिनिटं म्हणजे पाच मिनिटं! अशा प्रसंगीसुद्धा त्या माणसानं मला अर्धं मिनिट वाढवून दिलं नाही.

जागेवर जाण्याआधी मी फळ्यावरची यादी पुसली. ‘म्हणजे’ आणि ‘अं’ ठेवले, बाकीचे पुसले. वत्सलाबाईंना मी पुढे पाचवं पत्र लिहिलं, त्यात काम नव्हतं, फक्त माफी होती. त्याचंही उत्तर आलं नाही. धरणगावची गाडी दिसली की अजूनही मला त्या पदर तोंडाला लावून हसताना दिसतात. सुदामभाऊंनी त्या एप्रिलात विहारासमोर माईक धरला आणि स्वतःच बोलले. मी तिसऱ्या रांगेत होते. सुरुवात त्यांनी ‘मनं नाव सुदाम शे’ अशीच केली, आणि सगळी वस्ती अशी ऐकत बसली होती की टाळ्या वाजवायचंही लोकांच्या उशिरानंच लक्षात आलं.

पण त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. कार्यक्रम संपला, केळी वाटून झाली, शेवेची वाटी रांगांतून फिरत फिरत नानांच्या हातात रिकामी झाली. नाना उठले, खुर्च्यांवरून नजर फिरवली, वाटी टेबलावर ठेवली आणि थेट जिन्याकडे निघाले. हॉलचं काय ठरलं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मला माझा नियम आठवला. कोणालाही रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही.

‘नाना,’ मी मागून हाक मारली, ‘पुढच्या रविवारी वाटी तुमच्याकडे.’

नाना पायरीवर थांबले. त्यांनी वळून वाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि नेहमीच्या गंभीर आवाजात विचारलं,

‘शेव कोणती आणू? बारीक, का जाड?’